सैल

पहिल्या दिवशी आग्नेल मास्तरांनी
गिटार हातात दिलीच नाही.
कॅम्पातला त्यांचा व्हरांडा, मागच्या बेकरीचा वास,
आणि ते म्हणाले, हात लोंबकळू दे.
गुडघ्याशी. ओल्या टॉवेलासारखा.
मला हसू आलं. तासाला दीडशे रुपये
आणि हात लोंबकळायला शिकायचं?

मी शहापुरात सोसायटीत पावत्या फाडते.
चौतीस वर्षांची. पेन असं धरते
की कोणीतरी हिसकावून नेणार आहे.
(आमच्या पाटीवरचं नाव दोनदा पुसलं, दोनदा रंगवलं.
घट्ट धरायला इथं कुणाला शिकवावं लागत नाही.)

तर गिटारही तशीच धरली.
एफचा कॉर्ड : एक बोट आडवं, त्याखाली सहाही तारा,
अंगठा मागून असा दाबतोय
जसा गॅसचा रेग्युलेटर बसत नाही तेव्हा.
तीन आठवड्यांत करंगळीपासून कोपरापर्यंत
एक तापलेली तार. सातवी.
भाकरी थापताना वाजायची,
वेणी घालताना वाजायची.
आमच्यात 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात.
दुखतंय, खरं वाजवते, मी सांगायची,
आणि ते वाक्य मला शूर वाटायचं.

मास्तरांनी वाक्य ऐकलं नाही, मनगट बघितलं,
छत्रीच्या मुठीसारखं वाकलेलं.
पंधरा दिवस बंद, म्हणाले.
तारांखालची हाडाची पट्टी कानशीनं घासली,
पातळ तारा चढवल्या,
मधे पोस्टकार्ड सरकवून उंची बघितली
आणि माझी गिटार
स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मग संध्याकाळी करायचं काय?
वडगावात आमच्या भिंतीपलीकडे निंगव्वा कांड्या भरते.
रहाट फिरतो, दोन बोटांतून सूत जातं,
बोटं त्याला धरत नाहीत, नुसती तिथं असतात.
मी लाटणं नेलं आणि करून दाखवलं,
मी कशी धरते ते.
"याक अष्ट बिगी हिडदी?" ती म्हणाली. "सडिल बिडव्वा."
मग माझ्यासाठी तिच्या मोडक्या मराठीत :
घट्ट धरलं तर सूत तुटतंय.
सूत नाही तुटलं तर हात तुटतोय.

तिची उजवी मूठ आता पुरती मिटत नाही.
हे तिनं सांगितलं नाही.
चहाची बशी ती दोन्ही तळव्यांत उचलते.

थांबायचं कधी, मी विचारलं.
दुखायच्या आधी.
दुखल्यावर थांबलीस तर ते तुझं थांबणं नव्हे,
हातानं थांबवलं तुला.

सडिल. सैल.
घरी येताना दोन्ही म्हणून बघितले.
शेवटचा ल म्हणताना जीभ वर जेवढी टेकते
तेवढंच बोट टेकवायचं तारेवर.
त्याहून जास्त दाबलं तरी
सूर काही जास्त लागत नाही.

आता कोमट पाण्याचं तपेलं आधी.
मनगट सरळ, खांदा कानापासून लांब,
अंगठा मागे नुसता टेकलेला,
दाराला टेकून बोलणाऱ्या शेजारणीसारखा.
मोबाईलवर वीस मिनिटं लावलेली.
नखं दर रविवारी.
एफ बहुतेक वेळा फसतो, दुसरी तार भुणभुणते,
आणि मी पावत्यासुद्धा हल्ली जरा हळू फाडते,
साहेब म्हणतात, काय झालंय बाई तुम्हाला.

आज वीस मिनिटं संपली
तेव्हा नेमका एफ स्वच्छ लागला होता.
सहाही तारा. पहिल्यांदाच.
अजून एकदा, हात म्हणाला. अजिबात दुखत नव्हता.
मी गिटार भिंतीला टेकवली.
हात सोडला गुडघ्याशी,
ओल्या टॉवेलासारखा,
आणि त्यातून थोडा वेळ
आवाज ठिबकत राहिला.